समुद्रावरील पहारा आणि पंखांतलें पेट्रोल

१९५१ पासून १९६८ च्या अखेरीपर्यंत पुण्याच्या लोहगांव विमानतळावरून चार एंजिनांचीं, फुगीर पोटाचीं, दुहेरी शेपटीचीं अवजड विमानें उडत, सह्याद्रि ओलांडीत आणि अरबी समुद्रावर पहारा करून परत येत. लिबरेटर हें त्यांचें नांव. भारतीय वायुदलाच्या सहाव्या पथकाकडे तीं होतीं.

पहाऱ्याच्या विमानाला वेग असला तर बरा, नसला तरी चालतें. तें समुद्रावर किती वेळ टिकतें यावर सारें अवलंबून असतें. दुसऱ्या महायुद्धांत अटलांटिक महासागराच्या मध्यभागीं एक मोठा टापू असा होता कीं, कोणत्याच किनाऱ्यावरचें विमान तेथें पोहोंचून कामापुरतें थांबूं शकत नसे. जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजांची शिकार करीत त्या तेथेंच. १९४३ च्या वसंतांत ही पोकळी भरून निघाली, आणि त्यांत लिबरेटरांचा वांटा फार मोठा होता. कांहीं विमानांवरील चिलखत व तोफा काढून त्यांच्या वजनाइतकें पेट्रोल अधिक घेतलें गेलें. शस्त्र टाकून इंधन घेणें हा सौदा वरकरणीं उलटा दिसतो. पण पाणबुडीवाल्यांना धाक बसला तो याच सौद्यानें.

आपल्याकडे हीं विमानें आलीं त्याची कथा थोडी विलक्षण आहे. अमेरिकेनें उसनवारीच्या करारानें तीं ब्रिटनला दिलीं होतीं. युद्ध संपतांच तीं कानपूर येथें एकत्र आणून, कोणाच्या उपयोगीं पडूं नयेत म्हणून, मुद्दाम नादुरुस्त करून टाकण्यांत आलीं. हिंदुस्तान एअरक्राफ्ट या बंगलोरच्या कारखान्यानें त्या भंगारांतून विमानें उभीं करण्याचें पत्करलें. एका प्रवासापुरती डागडुजी करून वैमानिक जमशेद मुन्शी यांनीं एकामागून एक अशीं चाळीसच्या वर विमानें कानपुराहून बंगलोरला उडवीत नेलीं. २ नोव्हेंबर १९४८ रोजीं या विमानांचें पहिलें पथक, वायुदलाचें पांचवें, कानपूर येथें सुरू झालें. पुण्याच्या पथकाची पुनर्घटना १९५१ सालीं झाली. ज्या यंत्राला मोडीत काढलें होतें तें पुढें वीस वर्षें चाललें, ही गोष्ट त्या कारखान्यांतल्या कामगारांच्या खातीं जमा केली पाहिजे.

आतां या विमानांतलें पेट्रोल पंखांतून एंजिनापर्यंत कसें जाई तें पाहूं. श्रोत्यांपैकीं जे नंदुरबार-धुळ्याकडचे असतील त्यांना खानदेशची फडबागायत ठाऊक असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यांतून पाट, आणि पाटाचें पाणी कोणत्या फडाला केव्हां सोडावयाचें हें पाहणारा पाटकरी. लिबरेटरची व्यवस्था पुष्कळशी अशीच होती. फरक इतकाच कीं, शेतांत पाणी उताराला आपोआप धांवतें. विमानांत उताराचा भरवसा नाहीं, म्हणून पंप लागतात.

मधल्या पंखाच्या पोटांत रबराच्या बारा थैल्या असत. प्रत्येक एंजिनाच्या वांट्याला त्यांतल्या तीन. या बारांत मिळून सुमारें ८,९०० लिटर पेट्रोल मावे. थैलीचा मधला थर कच्च्या रबराचा असे. गोळी आरपार गेली कीं पेट्रोल लागून तें रबर फुगे व भोंक आपोआप बुजे. पंखांच्या बाहेरच्या भागांत आणखी सहा थैल्या, त्यांत सुमारें १,७०० लिटर. आणि लांबच्या कामगिरीवर बाँब ठेवावयाच्या कप्प्यांतही टाक्या बसवितां येत. पण या जादा टाक्यांतलें पेट्रोल थेट एंजिनाला मिळत नसे. तें विजेच्या पंपानें आधीं मुख्य थैल्यांत आणावें लागे. तेथून पुढें एक पंप थैलीपाशीं ढकलण्यासाठीं व दुसरा एंजिनाच्याच गतीवर चालणारा ओढण्यासाठीं, अशी जोडी असे. उंचावर हवेचा दाब उतरला म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन नळींत बुडबुडे धरतात आणि ओढणारा पंप कोरडा पडतो. अशा वेळीं मागून ढकलणारा पंप उपयोगीं येई.

प्रत्येक एंजिनाच्या वाटेवर एक चावी होती. स्वतःच्या थैल्यांतून स्वतःच्या एंजिनाला; शिवाय शेजाऱ्यांनाही; अगर शेजाऱ्यांकडून आपणांला; अथवा सर्वस्वी बंद. एक एंजिन बंद पडलें तर त्याच्या थैल्यांतलें पेट्रोल वायां जाऊं नये आणि एक पंख जड होऊन विमान कलूं नये, यासाठीं ही देवघेव.

या चाव्यांचा पाटकरी म्हणजे फ्लाइट एंजिनियर. पेट्रोल किती उरलें हें तो उभ्या कांचेच्या नळ्यांत पाहून सांगे. विमान कललेलें असलें तर नळी खोटें बोले. म्हणून तें सरळ पातळींत असतांनाच पाहावें लागे. मग तासाचा खर्च, वारा, उरलेलें अंतर यांचा हिशेब. समुद्रावर कांहीं संशयास्पद दिसलें आणि आणखी अर्धा तास थांबावें कीं परतावें असा प्रश्न पडला, तर त्याचें उत्तर या हिशेबावर ठरे.

आणखी एक संकट होतें. लिबरेटरच्या नळ्या व जोड पुष्कळ, त्यांतून वाफ झिरपे आणि पोटांतल्या कप्प्यांत सांचे. एक ठिणगी पुरे. पेट्रोल एका टाकींतून दुसरींत घेतांना अनावश्यक विजेचीं उपकरणें बंद ठेवीत, आणि वाफ निघून जावी म्हणून बाँबकप्प्याचीं दारें किंचित् उघडीं ठेवून उडण्याची चालच कित्येक तुकड्यांत पडली होती. माझ्या मतें या विमानाचा खरा दोष तो हाच, आणि तो झांकण्याचें कारण नाहीं.

पुढें १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत एअर इंडियाचीं सुपर कॉन्स्टेलेशन विमानें त्याच सहाव्या पथकाला मिळालीं. यांच्या पंखांत थैल्या नव्हत्या. पंखाचे सांधे लांबीनें बंद करून पंखाचीच टाकी केली होती. जागा वांचली, पण सांधे गळूं न देण्याचें काम वाढलें. १९७६ सालीं हीं विमानें व समुद्रपहाऱ्याचें कामही वायुदलाकडून आरमाराकडे गेलें, आणि पहाऱ्याचें ठाणें पुण्याहून गोव्यांतील दाभोळी येथें आलें. त्यांपैकीं एक विमान तेथल्या आरमारी विमान-संग्रहालयांत उभें आहे. १९८८ सालीं रशियन तुपोलेव्ह विमानें दाभोळीस आलीं. त्यांत पेट्रोल नव्हे, रॉकेलाच्या जातीचें इंधन जळे, ज्याची वाफ सहजीं होत नाहीं. त्यांना निरोप दिला गेला २०१७ सालीं.

आजचें पी-आठ-आय हें विमान प्रथम २०१३ सालीं अर्कोणमला आणि २०२२ सालीं गोव्याच्या पथकांत आलें. प्रवाशांचें सामान ठेवावयाच्या तळच्या कप्प्यांत त्याला सहा जादा टाक्या आहेत, तीन पुढें व तीन मागें. वैमानिकांच्या खोलींत दोनच वैमानिक बसतात; कांचेच्या नळीशीं वांकून उभ्या राहणाऱ्या त्या तिसऱ्या माणसासाठीं तेथें जागा ठेवलेली नाहीं.