वाढीव अनधिकृत बांधकाम असलेल्या घराची खरेदी

नियोजन प्राधिकरणाची परवानगी न घेता मूळ घराला जोडलेली खोली, गच्चीवर चढवलेला मजला किंवा सामासिक अंतरात उभारलेले बांधकाम यांस वाढीव अनधिकृत बांधकाम म्हणतात. असे घर विकत घेतल्यास त्या बांधकामाचा दोष घरासोबत खरेदीदाराकडे येतो.

कायदेशीर स्थिती

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ अन्वये असे बांधकाम पाडण्याची नोटीस मालकावर बजावता येते. खरेदीनंतर मालक म्हणजे खरेदीदारच. नोंदणीकृत खरेदीखत, वीजजोडणी आणि मालमत्ता कराची पावती विक्रेते हटकून पुढे करतात; परंतु त्यांपैकी एकही कागद बांधकाम परवानगीची जागा घेत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ मध्ये अशा बांधकामावर कराखेरीज शास्ती आकारण्याची तरतूद आहे. ती भरली म्हणून बांधकाम नियमित झाले असा अर्थ होत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट केले आहे. शास्तीची पावती हा उलट बांधकाम अनधिकृत असल्याचाच पुरावा होय.

'बांधकाम जुने आहे, आता कोण विचारतो' हे आश्वासनही फसवे आहे. मेरठ येथील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार केवळ बराच काळ लोटल्याने किंवा प्रशासनाने दुर्लक्ष केल्याने अनधिकृत बांधकाम वैध ठरत नाही.

मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत ५ मजल्यांची परवानगी असताना एक इमारत २० मजल्यांपर्यंत नेण्यात आली होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने जादा मजले पाडण्याचा आदेश कायम ठेवला. जून २०१४ मध्ये तेथील वीज, पाणी व गॅस तोडण्यात आले. बांधकाम विकासकांचे होते. घरे मात्र रहिवाशांची गेली.

नियमितीकरण

चटईक्षेत्र शिल्लक असेल आणि सामासिक अंतराचा भंग होत नसेल, तर शुल्क भरून बांधकाम नियमित करून घेता येते. तो अर्ज विक्रेत्याने विक्रीपूर्वी करणे इष्ट, कारण मंजुरी मिळेलच असे नाही.

खरेदीपूर्व तपासणी

मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र मिळवून घराची प्रत्यक्ष मापे नकाशाशी ताडून पाहावीत. विक्रेता नकाशा देत नसल्यास माहितीच्या अधिकाराखाली तो नियोजन प्राधिकरणाकडे मागता येतो. घरावर पूर्वी नोटीस बजावली आहे काय, याचीही तेथेच चौकशी करावी.