शेतकऱ्यांनी कागदच का जाळले? शिरूर-भीमथडी, १८७५

१/१४
१२ मे १८७५. पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराचा दिवस होता. जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. काही ठिकाणी धान्य आणि कापड लुटले गेले, पण मुख्य मागणी एकच होती : कर्जाचे रोखे, वह्या आणि न्यायालयाचे हुकूमनामे बाहेर काढा. मग त्यांची होळी झाली. कागदावर एवढा राग का? या प्रश्नासाठी हा धागा.

२/१४
आधी भूगोल. तेव्हाच्या भीमथडीत आजच्या दौंड-बारामतीचा मोठा भाग येतो. शेजारी घोडनदीकाठचा शिरूर तालुका. आज कवठे येमाई ज्या तालुक्यात आहे, तोच हा. दंग्याची ठिणगी सुप्यात दिसली खरी, पण ती पडली होती त्याआधी पाच महिने, शिरूर तालुक्यातील करडे गावी.

३/१४
डिसेंबर १८७४. करड्याच्या बाबासाहेब देशमुखांवर कालुराम सावकाराने सुमारे १५० रुपयांच्या कर्जासाठी हुकूमनामा मिळवला. देशमुख गावातले प्रतिष्ठित. सावकाराने त्यांचे घर ताब्यात घेऊन पाडायला काढले. कायद्याच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हते. गावाला नेमके तेच असह्य झाले.

४/१४
गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानात खरेदी बंद, त्यांच्या शेतात मजुरी बंद. न्हावी, परीट, पाणक्या यांनीही काम थांबवले. हे लोण गावोगाव पसरले. मे महिन्यात बहिष्काराचे रूपांतर दंग्यात झाले. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावे त्यात आली, ९५१ जणांना अटक झाली. मात्र ज्या सावकाराने कागद मुकाट्याने स्वाधीन केले, त्याला बहुधा कोणी हात लावला नाही.

५/१४
नेहमीचे उत्तर असे : सावकार लोभी होते, शेतकरी अडाणी होते. पण सावकारी तर पेशवाईतही होती, लोभही होता. बदलले काय? वसुलीचे नियम. पूर्वी सावकाराला पाटील, पंच आणि गावाची मर्जी सांभाळून पैसे काढावे लागत. दुष्काळात तो थांबे. ती केवळ दया नव्हती. कूळ टिकले तरच पुढच्या सुगीला त्याचा वाटा होता.

६/१४
पहिला बदल १८५५ चा. व्याजदरावरची कायदेशीर मर्यादा रद्द झाली. यामागे इंग्लंडमधील अर्थविचार होता. जेरेमी बेंथमने १७८७ मध्येच व्याजबंदीविरुद्ध पुस्तक लिहिले होते. तर्क साधा : दर मोकळे सोडा, सावकारांत स्पर्धा होईल, व्याज आपोआप योग्य पातळीवर येईल.

७/१४
दुसरा बदल १८५९ ची दिवाणी प्रक्रिया संहिता. हुकूमनामा मिळवून ऋणकोची मालमत्ता जप्त करणे, लिलाव करणे, प्रसंगी त्याला कैदेत टाकणे हे सारे एका ठरीव पद्धतीने करता येऊ लागले. न्यायालय दूर, भाषा अनोळखी, प्रवासखर्च वेगळा. त्यामुळे असंख्य दाव्यांत शेतकरी हजरच राहत नसे आणि निकाल एकतर्फी लागे. न्यायाधीशासमोर बोलणारा साक्षीदार एकच उरे : रोखा.

८/१४
तिसरा बदल सर्वांत बोधप्रद. १८५९ च्याच मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता : जुनी कर्जे उकरून काढू नयेत, व्याज साचू नये. सावकाराने काय केले? दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेतला आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढवले.

९/१४
याचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. १०० रुपये कर्ज, शेकडा २४ सरळव्याज, फेड शून्य. रोखा न बदलता नऊ वर्षांचे व्याज होते २१६. पण आपल्याकडील दामदुपटीच्या जुन्या नियमानुसार व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नाही, म्हणून एकूण देणे २००. आता दर तीन वर्षांनी रोखा बदला : १७२, मग २९६, मग ५०९. ऋणकोच्या रक्षणासाठी घातलेल्या मुदतीनेच दामदुपट निकामी केली.

१०/१४
आता स्पर्धेचा मुद्दा. मक्तेदारी मोडली की ग्राहकाचे भले होते, हे स्पर्धाकायद्याचे पहिले सूत्र. रेचल क्रॅन्टन आणि आनंद स्वामी या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ च्या निबंधात नेमक्या याच दख्खनकडे पाहिले. त्यांचे प्रतिपादन : दिवाणी न्यायालयांमुळे वसुली सोपी झाली, नवे सावकार धंद्यात आले, स्पर्धा वाढली. बऱ्या वर्षी त्याचा लाभ शेतकऱ्याला झालाही.

११/१४
पण वाईट वर्षी? उद्या हे कूळ दुसऱ्या सावकाराकडे जाऊ शकते, हे कळल्यावर आज नुकसान सोसून त्याला तगवण्याचे कारण उरत नाही. जुन्या मक्तेदार सावकारीत शोषण होते आणि एक प्रकारचा विमाही होता. नव्या नियमांनी विमा काढून घेतला आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नाही. त्यातच १८६५ नंतर कापसाची तेजी ओसरली, सरकारने सारा वाढवला. वाईट वर्षे आली, तेव्हा आधार नव्हता, फक्त रोखा होता.

१२/१४
चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला : पुणे, अहमदनगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी. न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा; दामदुपट पाळावी; कर्जापायी शेतकऱ्याला कैद नको; स्पष्टपणे गहाण न टाकलेली जमीन विकू नये; रोखा ग्रामनिबंधकासमोर व्हावा. आणि मुदत? ती तीनवरून सहा वर्षे, नोंदणीकृत रोख्याला बारा. वीस वर्षांपूर्वीचा धडा येथे कायद्यात उतरला. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

१३/१४
मग सारे सुरळीत झाले का? सावकारांनीही हा कायदा वाचलाच होता. गहाणखताची चौकशी होते ना, मग सरळ खरेदीखतच लिहून घ्या! कागदावर विक्री, तोंडी बोली गहाणाची. कर्ज फिटले नाही तर जमीन आधीच सावकाराच्या नावावर. कायद्यात पुन्हा दुरुस्ती करावी लागली, कागदी विक्रीमागचा खरा व्यवहार तपासता यावा म्हणून.

१४/१४
कायद्याचे मोल त्याच्या हेतूवरून ठरवू नये. त्या नियमाखाली माणसे कशी वागू लागतील, हे पाहून ठरवावे. कायद्याचे आर्थिक विश्लेषण म्हणजे मुळात एवढेच. हा विचार विद्यापीठांत शास्त्र म्हणून रुजला विसाव्या शतकात. करडे-सुप्याच्या शेतकऱ्यांनी तो १८७५ मध्ये आपल्या परीने ओळखला होता : सत्ता सावकाराच्या हातातून कागदात गेली आहे, हे त्यांना कळले होते. म्हणून माणसे वाचली आणि कागद जळले. पुढच्या वेळी व्याजमर्यादा, कर्जमाफी किंवा बाजार समितीच्या कायद्यावर वाद ऐकाल, तेव्हा हेतू बाजूला ठेवून एकच विचारा : यावर सावकार उद्या काय करील?
(समाप्त)