अपंगांचीं साधनें आणि त्यांचीं घरें

औरंगाबादहून, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगराहून, बीडकडे निघालें म्हणजे सुमारें पन्नास किलोमीटरांवर पाचोड हें पैठण तालुक्यांतील बाजाराचें गांव लागतें. आसपास मोसंबीच्या बागा आहेत व त्यांच्या फळांचा मोठा बाजार येथें भरतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलुख निजामाच्या राज्यांत होता. गोदावरी खोऱ्यांतील रेल्वे १९०० सालीं औरंगाबादवरून सुरू झाली खरी. परंतु ती गाडी गांठण्यासाठींहि पाचोडच्या माणसाला मोठा प्रवास करावा लागे. अशा गांवांत त्या काळीं एखाद्या मुलाला ताप येई, दोनचार दिवसांनीं तो उतरे, आणि मुलाला उभें करूं गेलें असतां त्याचा एक पाय लुळा पडलेला आढळे. मग आई त्याला कडेवर घेई. तें मोठें झालें कीं बाप खांद्यावर घेई. आणि त्याहून मोठें झालें म्हणजे गांवचा सुतार बाभळीची कुबडी करून देई. त्यापलीकडे कांहीं उपाय असेल, असें त्या घराला सांगणारेंहि कोणी नसे.

अपंगांच्या साधनांचा इतिहास सांगतांना इस्पितळें, शस्त्रवैद्य आणि कारखाने यांचाच उल्लेख बहुधा होतो. तो योग्यहि आहे. परंतु ह्या इतिहासाचा निम्मा भाग घरांत घडलेला आहे. साधन कोठें मिळतें याचा शोध घरानें केला, तें अंगाला लावण्याची व काढण्याची कला घरानें शिकून घेतली, आणि जें साधन घराच्या रीतीभातींत बसलें नाहीं तें कोपऱ्यांत पडून राहिलें. महाराष्ट्रांतील कांहीं उदाहरणें क्रमानें पाहिलीं म्हणजे ही गोष्ट ध्यानांत येते.

आरंभ मुंबईचा. १८८० नंतरच्या दशकांत तेथें बहिऱ्यामुक्या मुलांची शाळा निघाली. हिंदुस्थानांतील अशा शाळांत ती पहिली मानली जाते. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानें असंख्य मुलें निराधार झालीं आणि त्यांत अंध मुलेंहि होतीं. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं १९०० सालीं मुंबईंत अशा अंध मुलांसाठीं शाळा काढली. पुढें ती दादरला कमला मेहता यांच्या नांवानें अंध मुलींची शाळा म्हणून प्रसिद्ध झाली.

अंधांच्या शाळेचें मुख्य साधन म्हणजे उठावाच्या सहा टिंबांची ब्रेल लिपि. तिचा जनक लुई ब्रेल हा पॅरिसजवळच्या एका खेड्यांतील खोगीर करणाऱ्याचा मुलगा. तीन वर्षांचा असतां बापाच्या दुकानांतील हत्यार डोळ्याला लागून त्याची दृष्टि गेली, आणि अवघ्या पंधराव्या वर्षीं, १८२४ सालीं, त्यानें ही लिपि सिद्ध केली. डोळसांचींच अक्षरें कागदावर उठवून अंधांना वाचावयास देण्याची पद्धति त्यापूर्वीं होती; परंतु बोटाला काय सुलभ जातें हें ज्याला बोटानेंच वाचावयाचें होतें त्यालाच उमगलें. स्वातंत्र्यानंतर, १९५१ सालीं, भारतीय भाषांसाठीं एकच ब्रेल मान्य झाली आणि मराठी अंध वाचकाला आपल्या भाषेची सर्वमान्य लिपि मिळाली.

ह्या शाळांनीं पुष्कळ मुलांचें कल्याण केलें; पण त्यांची एक अट होती. मुलानें घर सोडून शहरांत यावें लागे. पाचोडच्या आईला मूल शिकवावयाचें तर त्याला दूर परमुलुखांत धाडणें भाग होतें, आणि किती आयांचें मन त्याला तयार झालें असेल याची कल्पना कोणालाहि करतां येईल.

पायाच्या व हाताच्या साधनांना चालना मिळाली ती युद्धामुळें. दुसऱ्या महायुद्धांत जायबंदी होऊन परतलेल्या जवानांसाठीं १९४४ सालीं पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झालें. लांकूड, चामडें आणि धातु यांचे अवयव तयार करणारे कुशल कारागीर तेथें तयार झाले. लढाईंत पाय गमावलेल्या जवानाचें ऋण सरकारला मान्य करावेंच लागतें. पण तापानें पाय गमावलेल्या चिमुरड्या मुलाचें ऋण कोणावर होतें? त्याच्या बाजूनें प्रथम उभें राहिलें तें त्याचें घरच.

ह्याचें ठळक उदाहरण म्हणजे फातिमा इस्माईल. राष्ट्रीय चळवळींतील प्रसिद्ध गिरणीमालक उमर सोभानी यांची ही बहीण. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या मुलीला घेऊन वैद्यांचे उंबरठे झिजवतां झिजवतां त्या मद्रासला अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. कीणी यांच्यापर्यंत पोहोंचल्या. मुलीच्या उपचारांसाठीं हिंडतांना त्यांना दिसलें कीं, आपल्यासारख्या सुस्थितींतील कुटुंबाला जी यातायात पडते ती गरीब घराला मुळींच झेपणारी नाहीं. १९४७ सालीं, देश स्वतंत्र होत असतां, त्यांनीं मुंबईंत पंगु मुलांच्या पुनर्वसनासाठीं संस्था उभारली, शस्त्रवैद्य डॉ. अ. वि. बाळिगा यांचें साहाय्य त्यांना लाभलें. पुढें हाजी अलीजवळ ह्याच संस्थेचें मुलांचें अस्थिव्यंगोपचार इस्पितळ झालें. १९५८ सालीं फातिमा इस्माईल यांना पद्मश्री मिळाली आणि १९७८ पासून १९८४ पर्यंत त्या राज्यसभेच्या नियुक्त सभासद होत्या. त्याच हाजी अलीच्या परिसरांत १९५५ सालीं केंद्र सरकारनें शारीरिक पुनर्वसनाची संस्था काढली. एका आईच्या शोधानें सुरू झालेलें काम असें शासनाच्या कामाशेजारीं येऊन उभें राहिलें.

पोलिओच्या मुलाला ह्या इस्पितळांतून मिळणारें साधन म्हणजे कॅलिपर. पोलिओचा विषाणु पाठीच्या कण्यांतील, स्नायूंना हालचाल देणाऱ्या ज्ञानतंतूंच्या पेशी मारतो. पायाची स्पर्शसंवेदना शाबूत राहते, पण जोर जातो. कांहीं स्नायु निकामी होतात, कांहीं शिल्लक राहतात, आणि शिल्लक राहिलेले सांध्याला एकाच बाजूस ओढून पाय वांकडा करतात. त्यावर उपाय म्हणून पायाच्या दोन्हीं बाजूंस पोलादी पट्ट्या, त्यांना जोडलेले चामड्याचे पट्टे, गुडघ्यापाशीं चाप आणि खालीं बूट अशी योजना असते. उभें राहतांना चाप लावला कीं गुडघा वांकत नाहीं; बसतांना तो उघडावयाचा. युक्ति साधी आहे, परंतु मूल वाढतें आणि पोलाद वाढत नाहीं. आज बेतशीर बसणारा कॅलिपर वर्षादीड वर्षांत आंखूड होतो. पट्टा झिजतो, चापाची खीळ निसटते, पायाला घट्टा पडतो. म्हणून कॅलिपर एकदां मिळून भागत नाहीं. वाढ पुरी होईपर्यंत पुनःपुन्हा कारखान्याची वाट धरावी लागते. मुंबईच्या मुलाला ती वाट ट्रामची होती. पाचोडच्या मुलाला ती दोन दिवसांची, बापाच्या बुडालेल्या मजुरीची आणि शहरांतील मुक्कामाच्या खर्चाची होती. तोकडा झालेला कॅलिपर घालून चालणारें किंवा तो खुंटीला टांगून पुन्हा रांगूं लागणारें मूल खेड्यापाड्यांतून दिसे तें ह्यामुळें. घरच्यांच्या निष्काळजीपणाला त्याचा दोष देणें सोपें होतें, पण न्याय्य नव्हतें.

घरची रीत आणि कारखान्याची रीत यांतील विरोध कृत्रिम पायाच्या बाबतींत अधिकच स्पष्ट झाला. पाश्चात्य पद्धतीचा कृत्रिम पाय बुटांत घालावयाचा आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठीं बेतलेला असे. आपल्याकडे माणूस जेवतो पाटावर, देवापुढें बसतो मांडी घालून, प्रातर्विधीला बसतो उकिडवा, आणि शेतांत जातो अनवाणी. असा पाय घेऊन घरीं गेलेला शेतकरी थोड्याच दिवसांत पुन्हा कुबडीकडे वळे. जयपूर येथें मूर्तिकार व कारागीर रामचंद्र शर्मा आणि शस्त्रवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं १९६८ सालीं रबराचा नवा पाय तयार केला. त्याचा रंग व आकार पायासारखा होता, घोट्यापाशीं तो सर्व बाजूंस वांके, चिखलापाण्यानें बिघडत नसे आणि बुटावांचून चाले. १९७५ सालीं जयपुरांत स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग साहाय्यता समितीनें हा पाय विनामूल्य देण्यास आरंभ केला व ठिकठिकाणीं शिबिरें भरविलीं. डॉ. सेठी यांना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ह्या यशांत कारागिराच्या हाताचा वाटा मोठा आहेच. परंतु रोग्याला घरीं गेल्यावर काय काय करावें लागतें, हें विचारण्याचा वाटाहि लहान नाहीं.

साधन मिळालें तरी घर तें सामावून घेईल असें नाहीं, ही पुढची पायरी कोल्हापुरांत दिसते. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षीं कमरेखालीं पक्षाघात झाला. चाकाच्या खुर्चीनें माणूस हालूं लागतो, पण आपल्या घरांना उंच उंबरठे, पायऱ्या आणि अरुंद दारें. खुर्ची दाराशींच अडते, आणि न्हाणीघरापर्यंत कोणी तरी उचलून नेल्याखेरीज गत्यंतर उरत नाहीं. उचलणारी बहुधा आईच असते, आणि तिचेंहि वय वाढत जातें. बाबूकाका दिवाण यांच्या सहवासानें धीर लाभलेल्या नसीमाताईंनीं १९८४ सालीं ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. अपंगांसाठीं वसतिगृह, शिक्षण, उपचार आणि रोजगार यांची तिनें सोय केली. ‘चाकाची खुर्ची’ हें त्यांचें आत्मचरित्र मराठी वाचकांच्या परिचयाचें आहे. जिला उतरण आणि रुंद दार यांची गरज स्वतःच्या देहानें शिकविली होती, तिनेंच इतरांसाठीं तशी वास्तु उभी केली.

ह्या मंडळींच्या कामामागून शासन आलें. कानपूर येथें कृत्रिम अवयव बनविणारा सरकारी कारखाना १९७२ सालीं स्थापन होऊन १९७६ पासून माल तयार करूं लागला. १९८१ सालीं गरजू अपंगांना साधनें देण्यासाठीं केंद्र सरकारनें योजना आंखली. १९९५ सालीं अपंगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा झाला. २०१६ च्या नव्या कायद्यानें अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ३ डिसेंबर २०२२ रोजीं महाराष्ट्रांत दिव्यांग कल्याणासाठीं स्वतंत्र विभाग अस्तित्वांत आला. ग्रामपंचायतीनेंहि आपल्या स्वतःच्या उत्पन्नांतील पांच टक्के रक्कम दिव्यांगांसाठीं खर्च करावी, असा राज्याचा दंडक आहे. पोलिओचा भारतांतील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं हावड्यास आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्यें हा भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. लहान मुलाच्या मापाचा कॅलिपर आज पूर्वीइतका लागत नाहीं. परंतु जन्मतः मेंदूला इजा झालेलें मूल, अपघातांत पाय गमावलेला तरुण, मधुमेहानें पाय कापावा लागलेला गृहस्थ आणि जुन्या पोलिओचा भार वार्धक्यांत वाहणारी माणसें घरोघर आहेत. त्यांच्या घरांपुढील प्रश्न बाभळीच्या कुबडीच्या काळांतील प्रश्नाहून फार निराळा नाहीं: साधन कोठें मिळतें, तें कसें वापरावें, आणि मोडलें तर कोण दुरुस्त करील?

ह्या प्रश्नाचा विचार पुन्हा पाचोडपाशीं येऊन थांबतो. आरोग्याच्या क्षेत्रांत हें गांव अपरिचित नाहीं. डॉ. अशोक दयालचंद यांनीं येथें उभारलेल्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेनें कित्येक दशकें माता, बालकें आणि किशोरवयीन मुली यांच्यासाठीं काम केलें आहे. रोगी दवाखान्यांत येण्याची वाट न पाहतां गांवांतील प्रशिक्षित स्त्रियांनीं घरोघर जावें, हें असल्या कामाचें मुख्य सूत्र. गर्भवतीची विचारपूस करण्यास जी बाई उंबरठ्याशीं येते, तिलाच वर्षाचें होऊनहि न बसणारें मूल दिसूं शकतें. कॅलिपर तोकडा झाला आहे, खुर्ची दाराशीं अडते आहे, म्हाताऱ्या आईला आतां उचलवत नाहीं, हेंहि तिलाच दिसूं शकतें. तिला तें ओळखावयास शिकविलें, जिल्ह्याच्या केंद्राचा पत्ता तिच्या वहींत असला आणि ग्रामपंचायतीच्या पांच टक्क्यांचा हिशेब तिनें विचारला, तर घराला सारी वाट एकट्यानें चालावी लागणार नाहीं.

राहतां राहिली दुरुस्ती. चामड्याचा पट्टा शिवणारे, चाकाची आरी बसविणारे आणि पोलादाला खीळ मारणारे कारागीर पाचोडसारख्या बाजाराच्या गांवांत पूर्वींहि होते व आजहि आहेत. सायकलीचें चाक नीट करणाऱ्याला चाकाची खुर्ची अवघड नाहीं. जयपूरचा पाय असल्याच एका कारागिराच्या हातून घडला. मोठ्या शहरांतील तज्ज्ञानें माप घ्यावें आणि साधन द्यावें. परंतु त्याबरोबर गांवच्या कारागिरालाहि एकवार बोलावून तें कसें उघडतें व कसें जोडतें हें दाखवावें. मग तुटलेल्या एका पट्ट्यासाठीं पाचोडच्या मुलाला पन्नास किलोमीटर दूर जाण्याची आणि तोंवर पुन्हा रांगण्याची पाळी येणार नाहीं.