शाळेतील आपलेपणाचा इतिहास



मूल शाळेत जाते ते केवळ अक्षरे गिरविण्यासाठी नव्हे. ‘ही शाळा माझी आहे’ असे त्यास वाटले, तरच विद्या अंगी मुरते. न वाटल्यास उत्तम गुरुजी व उत्तम पुस्तके यांचाही उपयोग होत नाही, असा आमचा दीर्घकालीन अध्यापनातील अनुभव आहे. हा आपलेपणा आपल्या मुलखात कोणत्या वाटेने आला, हे तरुण पिढीस ठाऊक असावे, म्हणून हा अल्प प्रयत्न.

खेड्यातील मुलास शहरी शिकावयाचे, तर पहिला प्रश्न निवाऱ्याचा व अन्नाचा. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी तो ओळखला. त्यांच्या आश्रयाने १९०१ साली मराठा व जैन, १९०६ साली मुसलमान आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. ओळखीची चालरीत व मायेची माणसे लाभल्याने बुजरे मूल शहरात टिकले. ज्ञातिसंस्थांचे हे ऋण कोणी नाकारू नये.

परंतु महाराज तेथेच थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांस सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. निवारा निराळा असला तरी वर्ग एकच हवा, हे त्यातील मर्म होय.

कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापुरास ज्ञातीच्याच वसतिगृहात राहून शिकले. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यामुळे त्यांना ते सोडावे लागले. पुढे १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. तेथे मुले एकत्र काम करीत व एका पंगतीस बसत. त्यांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरील दागिने, मंगळसूत्रदेखील, दिले. आईबापांपासून दूर आलेल्या त्या लेकरांस घर लाभले ते जातीने नव्हे. एकत्र केलेल्या कष्टाने व एका पंगतीच्या अन्नाने.

आज कायद्याने शाळेचे दार सर्वांस मोकळे आहे. तरीही मधल्या सुटीत एखादे मूल कोपऱ्यात एकटेच डबा उघडते, आडनाव विचारून मैत्री जुळते वा तुटते. हे घरात शिकविले जाते, म्हणून घरातच सुधारले पाहिजे.

यास्तव आमची नम्र सूचना अशी की, आपल्या गुणगौरव समारंभास प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या बाकावरील सोबत्यास, तो कोणत्याही ज्ञातीचा असो, घेऊन यावे आणि दोघांची पाने शेजारी मांडावीत. ज्ञातीने मुलास उभे केले. आता त्यास सर्वांत मिसळू देणे हेही ज्ञातीचेच कर्तव्य आहे.