ॲनिमे पात्रांचं फॅन-ॲप बनवायचंय? कोड सोपा आहे, खरा प्रश्न चित्रांचा आहे

'तुमचा स्वभाव कोणत्या ॲनिमे पात्राशी जुळतो?' अशी क्विझ इन्स्टाग्राम स्टोरीत एकदा तरी दिसलीच असेल. अशा ॲपमागे बहुतेक वेळा कंपनी नसते. एखादा फॅन आणि त्याचा लॅपटॉप असतो. नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला असं वेब-ॲप दोन-तीन सुट्ट्यांत उभं करता येतं. स्वतःचं डोमेन घेतलं नाही, तर खर्च जवळपास शून्य. मात्र त्यावर नारुतोचा फोटो लावला की मामला बदलतो.

माहिती येते कुठून?

हजारो पात्रांची माहिती हाताने कोणी भरत नाही. ती एपीआयमधून येते, म्हणजे ॲप दुसऱ्या सर्व्हरला प्रश्न विचारतं आणि उत्तर दाखवतं. फॅन-ॲपसाठी दोन नावं प्रसिद्ध आहेत. 'जिकान' ही मायॲनिमेलिस्ट या साइटवरची माहिती देणारी अनधिकृत सेवा आहे. तिला लॉगिन किंवा की लागत नाही, पण सेकंदाला 3 आणि मिनिटाला 60 विनंत्यांची मर्यादा आहे. 'ॲनिलिस्ट'चा एपीआय अधिकृत आहे आणि तोही फुकट, पण अट अशी की वापर व्यावसायिक नको आणि त्यांचा अख्खा डेटा उचलून साठवायचा नाही.

क्विझ व्हायरल झाली की 60 ची मर्यादा एका मिनिटात संपते. म्हणून एकदा आलेलं उत्तर काही तास स्वतःकडे जपून ठेवायचं, यालाच कॅशिंग म्हणतात. नवशिके नेमकं हेच विसरतात.

मराठीत शोध का चुकतो?

ॲप मराठीत करायचं तर खरी गंमत इथे आहे. मायॲनिमेलिस्ट आडनाव आधी लिहितं, 'उझुमाकी, नारुतो' असं. लोक शोधताना मात्र नारुटो, नारूतो, नरुतो असं काहीही टाइप करतात. 'अटॅक ऑन टायटन'मधला लेव्ही कोणासाठी लिवाय आहे, तर कोणासाठी रिवाई. त्यामुळे प्रत्येक पात्रासोबत पर्यायी नावांची यादी ठेवावीच लागते.

'झोरो' लिहिताना मराठी माणसाला अडचण येत नाही, कारण 'झाड'मधला झ आपल्याकडे आहेच. हिंदीतून घेतलेल्या 'ज़ोरो'त मात्र नुक्ता असतो आणि तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. दिसायला अक्षर तेच, कॉम्प्युटरसाठी वेगळं. नॉर्मलायझेशन केलं की हा फरक मिटतो. 'ॲ'चं दुखणं याहून मोठं. काही कीबोर्ड हे एकच अक्षर म्हणून टाकतात, काही 'अ'वर चंद्र देतात, आणि नॉर्मलायझेशननंतरही ही दोन रूपं वेगळीच राहतात. म्हणजे फॅन-ॲपमध्ये 'ॲनिमे' हाच शब्द सापडत नाही, असंही होऊ शकतं. हा बदल कोडमध्ये वेगळा लिहावा लागतो.

चित्रं कोणाची?

एपीआय फुकट आहे म्हणून चित्र फुकट होत नाही. पात्राचे हक्क मूळ हक्कधारकांकडेच राहतात. बर्न करारात जपान 1899 पासून आणि भारत 1928 पासून आहे, त्यामुळे जपानी कलाकृतीला भारतातही संरक्षण मिळतं.

फक्त चित्र नाही, तर पात्र स्वतःच संरक्षित असू शकतं का? 1996 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'नागराज' कॉमिक्सच्या प्रकाशकांच्या बाजूने, 'नागेश' या मिळत्याजुळत्या पात्राविरुद्ध मनाई हुकूम दिला. (नागराजचा नागपूरशी संबंध नाही, नावापुरतंच साम्य!) 2016 मध्ये 'दबंग'च्या चुलबुल पांडेवरून झालेल्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने वेगळेपण असलेल्या पात्राला संरक्षण मिळू शकतं हे तत्त्व मान्य केलं, पण दावा उशिरा आल्याने तातडीची मनाई दिली नाही. नागपूर खंडपीठ याच न्यायालयाचं. त्यामुळे नागपूरच्या ॲपवरून वाद झाला, तर हा निकाल समोर येऊ शकतो.

कॉपीराइट कायदा, 1957 चं कलम 52 खासगी वापर, टीका आणि समीक्षेसाठी सूट देतं. पात्राच्या प्रवासावर लेख लिहून सोबत एक छोटं दृश्य दाखवणं या सुटीच्या जवळ जातं. पाचशे एचडी वॉलपेपर डाउनलोडला ठेवणं अजिबात नाही. कलम 63 नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी फायदा नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. 'नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड' ही ओळ टाकून काहीच बदलत नाही.

बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच, सिव्हिल लाईन्समध्ये आहे. राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था असं तिचं नाव. पेटंट आणि ट्रेडमार्कचे परीक्षक इथे शिकतात. चित्र वापरायची परवानगी मात्र तिथे मिळत नाही. ती हक्कधारकाकडूनच घ्यावी लागते.

ठेवायचं कुठे?

गिटहब पेजेसवर 1 जीबीपर्यंतची साइट फुकट राहते. वर्सेलचा फुकट प्लॅन फक्त वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे. म्हणजे जाहिराती लावल्या की वर्सेलची अट मोडते.

लॉगिन शक्यतो नकोच. क्विझ खेळणारे बरेचसे शाळकरी असतात आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांचा डेटा घेण्यासाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. क्विझचा निकाल ब्राउझरमध्येच साठवला, तर ईमेल किंवा जन्मतारीख मागायची गरजच पडत नाही.