नेव्हिल डिसोझा

नेव्हिल डिसोझा (३ ऑगस्ट, १९३२ – १६ मार्च, १९८०) हे भारतीय फुटबॉलपटू होते. ते पुढच्या फळीत मध्यभागी खेळत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघा खेळाडूंत त्यांचा समावेश होता. ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत भारताने आजवर मैदानावर जिंकलेला एकमेव फुटबॉल सामना हाच आहे.

पार्श्वभूमी

डिसोझा यांचे मूळ गाव गोव्याच्या बार्देश तालुक्यातील आसगाव. गोवा त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली होता व डिसेंबर १९६१ मध्ये भारतात सामील झाला. त्यामुळे डिसोझा भारताकडून ऑलिंपिक खेळले, तेव्हा त्यांचे मूळ गाव भारताच्या राजकीय सीमेबाहेर होते. गोव्यातील अनेक कुटुंबे शिक्षण व नोकरीसाठी मुंबईत स्थायिक झाली होती आणि मुंबईच्या फुटबॉलमध्ये गोवेकरांचा वाटा मोठा होता.

मुंबईतील फुटबॉल

१९५० च्या दशकात कुपरेज मैदान हे मुंबईच्या फुटबॉलचे केंद्र होते. शहरातील प्रमुख संघ बहुधा कंपन्यांचे असत. हे संघ खेळाडूंना नोकरी देत. खेळ हा उपजीविकेचा स्वतंत्र व्यवसाय नव्हता. डिसोझा टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळत. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स चषक स्पर्धेमुळे देशभरातील नामवंत संघ दरवर्षी मुंबईत येत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. याच काळात, १९५४ च्या हंगामात, मुंबईने संतोष करंडक ही आंतरराज्य स्पर्धा प्रथमच जिंकली.

मेलबर्न ऑलिंपिक, १९५६

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताचा युगोस्लाव्हियाकडून १०–१ असा पराभव झाला होता. त्या सामन्यात बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. त्यामुळे मेलबर्नला समर (बद्रू) बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली गेलेला संघ बूट घालून खेळण्यास सरावलेला होता.

मेलबर्नमध्ये अकरा संघ सहभागी झाले. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी होती. ऑस्ट्रेलियाने पहिल्या फेरीत जपानला २–० असे हरवले होते.

हा सामना १ डिसेंबर, १९५६ रोजी झाला. समर बॅनर्जी यांचा फटका गोलचौकटीला लागून परतला आणि डिसोझा यांनी डोक्याने चेंडू आत ढकलला. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. पी. के. बॅनर्जी यांनी उजव्या बगलेवरून दिलेल्या चेंडूवर डिसोझा यांनी दुसरा गोल केला. मध्यंतरापूर्वी मॉरो यांनी पुन्हा बरोबरी साधली. उत्तरार्धाच्या आरंभी डिसोझा यांनी भारताला तिसऱ्यांदा आघाडी मिळवून दिली. ही आघाडी टिकली. अखेरच्या टप्प्यात कृष्णस्वामी (किट्टू) यांनी चौथा गोल करून ४–२ असा विजय निश्चित केला. या विजयाने भारत ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा पहिला आशियाई देश ठरला.

४ डिसेंबर रोजी उपांत्य सामन्यात प्रतिस्पर्धी पुन्हा युगोस्लाव्हिया होता. मध्यंतरापर्यंत एकही गोल झाला नव्हता. ५२ व्या मिनिटाला डिसोझा यांनी गोल करून भारताला आघाडीवर नेले. ही आघाडी मात्र अल्पजीवी ठरली. युगोस्लाव्हियाने थोड्याच वेळात तीन गोल केले. पुढे भारताकडून स्वयंगोल झाल्याने सामना ४–१ असा संपला. ७ डिसेंबर रोजी कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला ३–० असे हरवले. भारत चौथ्या क्रमांकावर राहिला. सोव्हिएत संघाने सुवर्णपदक, तर युगोस्लाव्हियाने रौप्यपदक मिळवले.

भारताच्या स्पर्धेतील पाच गोलांपैकी चार डिसोझा यांचे होते:

• ऑस्ट्रेलियाविरुद्ध – ३ गोल (उपांत्यपूर्व फेरी, विजय ४–२)
• युगोस्लाव्हियाविरुद्ध – १ गोल (उपांत्य फेरी, पराभव १–४)
• बल्गेरियाविरुद्ध – गोल नाही (कांस्यपदकाचा सामना, पराभव ०–३)

युगोस्लाव्हियाचे तोदोर वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे दिमितार मिलानोव यांनीही प्रत्येकी चार गोल केले.

कामगिरीचे मूल्यमापन

या स्पर्धेत संघ कमी होते आणि ऑलिंपिक फुटबॉल हौशी खेळाडूंपुरते मर्यादित होते. भारताने उपांत्य फेरी एकच सामना खेळून गाठली. तरीही १९४८ मध्ये फ्रान्सकडून १–२ असा पराभव व १९५२ मधील दारुण हार यांच्या तुलनेत ही प्रगती मोठी होती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने दोन सामने गमावले व फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी साधली. त्यानंतर भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेसाठी पात्र ठरलेला नाही.

आशियाच्या संदर्भात पुढचा टप्पा १९६८ मध्ये आला. मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानच्या कुनिशिगे कामामोतो यांनी नायजेरियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली व एकूण सात गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. जपानला त्या वेळी कांस्यपदक मिळाले.

निधन व स्मृती

डिसोझा यांचे १९८० मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी निधन झाले. केंद्र शासनाने १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू केला. पहिल्याच वर्षी पी. के. बॅनर्जी व पुढच्या वर्षी तुलसीदास बलराम या मेलबर्नच्या सहकाऱ्यांना तो मिळाला. पुरस्कारप्राप्त फुटबॉलपटूंच्या यादीत डिसोझा यांचे नाव मात्र नाही. रहीम यांच्या जीवनावरील ‘मैदान’ या २०२४ मधील हिंदी चित्रपटात नेव्हिल डिसोझा यांचे पात्र आहे.