नाव, दाखला आणि नोकरी

सन १८८७ हे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे वर्ष. त्या वर्षी मुंबईत दोन संस्थांचा जन्म झाला. एकीचा दुसरीशी काही संबंध नव्हता, आणि इतिहास लिहिणारे त्यांना सहसा एका पानावर आणीत नाहीत. पहिली संस्था म्हणजे २६ मे रोजी स्थापन झालेली 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन'. दुसरी 'व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट', जिला आज आपण वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखतो. नोकरीसाठी माणसाने कोणती तयारी करावी, या प्रश्नाला त्या एकाच वर्षी मुंबईने दिलेली ही दोन उत्तरे होती, असे आम्हांस वाटते. पहिले उत्तर आपल्याच समाजातून आले, म्हणून त्याची हकिगत आधी सांगावयास हवी.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत वसई, साष्टी आणि मुंबई बेटांवरील आपले पूर्वज ख्रिस्ती झाले. त्यांची आडनावे पोर्तुगीज झाली, पण शेत, होडी, बोली, लग्नातली गाणी आणि अंगावरचे लुगडे इथलेच राहिले. मुंबई बेट १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे आले, साष्टी १७७४ साली इंग्रजांनी घेतली आणि पेशवाईच्या अखेरीस वसईही त्यांच्या अमलाखाली गेली. इंग्रज अधिकारी या लोकांना सरसकट 'पोर्तुगीज' म्हणत. लिहिणे-वाचणे जाणणाऱ्यांना कंपनीच्या कचेऱ्यांत कारकुनी मिळू लागली, आणि मुंबईच्या अंगणातच राहत असल्यामुळे ती मिळविणे त्यांना तुलनेने सोपे गेले.

पुढे शहर वाढले. गोव्याहून आणि मंगळूरहून कॅथलिक मंडळी कामाच्या शोधात मुंबईस येऊ लागली. त्यांचीही आडनावे डिसोजा, परेरा, फर्नांडिस. त्यांचाही धर्म तोच. अर्ज वाचणाऱ्या गोऱ्या साहेबाला माझगावचा परेरा आणि बार्देशचा परेरा यांतील फरक कळण्याचे कारण नव्हते. तेव्हा इथल्या मंडळींनी युक्तिवाद मांडला, तो असा : गोव्याचा मनुष्य पोर्तुगालच्या राजाचा प्रजाजन, आम्ही मात्र कंपनीच्या काळापासून इंग्रजांची प्रजा, म्हणून सरकारी नोकरीवर आमचा हक्क आधीचा. हा हक्क अर्जाच्या पहिल्याच ओळीत दिसावा म्हणून जुन्या कंपनीची आठवण करून देणारे 'ईस्ट इंडियन' हे नाव घेण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांनी स्वतःस पूर्वेचे म्हणवून घेतले! त्यातही गंमत अशी, की १८३० च्या सुमारास हेच नाव कलकत्त्याचे युरेशियन लोक स्वतःसाठी वापरीत असत.

एका अख्ख्या समाजाने नोकरीच्या अर्जासाठी आपले नाव बदलावे, याची आज थट्टा करणे सोपे आहे. आम्ही ती करणार नाही. गिरगाव, माझगाव, परळ, माहीम येथील ज्यांची शेते आणि वाड्या शहराने गिळल्या, त्यांच्यापुढे कचेरीखेरीज दुसरा मार्ग फारसा उरला नव्हता. तरीही एक गोष्ट बोचते. ज्या गोवेकरासोबत रविवारी एकाच वेदीसमोर गुडघे टेकायचे, त्याच्याहून आपण निराळे आहोत हे सोमवारी साहेबाला पटवून द्यायचे, असा हा व्यवहार होता.

गोवेकरांची तयारी वेगळ्या प्रकारची होती. धोबीतलाव आणि आसपासच्या भागात त्यांनी गावोगावच्या 'कूड' उभ्या केल्या. गावाहून नवखा आलेला तरुण आपल्या गावाच्या कुडीत पेटी टेकवी. तिथे त्याला झोपण्यास जागा मिळे, संध्याकाळच्या तेर्साला सोबत मिळे आणि कोणत्या बोटीवर खलाशी किंवा आचारी घेत आहेत, ही बातमीही मिळे. आधीच नोकरीत असलेला गाववाला नव्याची शिफारस करी. नोकरी शोधण्याच्या शास्त्रात या कुडींइतकी पक्की व्यवस्था आमच्या माहितीत त्या काळी दुसरी नाही.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. मुंबईत कापड गिरणीची सुरुवात १८५४ साली झाली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची धुराडी वाढली. परंतु यंत्रे जाणणारे वरचे लोक बहुधा लँकेशायरहून आणावे लागत. इथल्या तरुणांनीच ती विद्या शिकावी, या हेतूने तांत्रिक शिक्षणाची ही संस्था निघाली. १९२३ साली ती माटुंग्यास गेली. तू कोणत्या राजाचा प्रजाजन, हा प्रश्न यंत्रापुढे उभे राहिल्यावर कोणी विचारीत नाही. चाक का अडले, एवढेच विचारतात.

आपला समाज या दुसऱ्या वाटेने उशिरा गेला. आधी त्याने इंग्रजी शाळेची वाट धरली. वांद्र्याचे सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ सालचे, माझगावचे सेंट मेरीज १८६४ सालचे, सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ सालचे. तिथल्या येशूसंघीय धर्मगुरूंनी मुलांच्या हाती इंग्रजी दिले आणि त्याबरोबर सुवाच्य अक्षरही दिले. टंकलेखन यंत्र येण्यापूर्वी चांगले हस्ताक्षर ही स्वतंत्र पात्रता होती, आणि नंतरही पुष्कळ वर्षे 'अर्ज स्वहस्ताक्षरात करावा' अशी अट जाहिरातींत असे. अर्जासोबत धर्मगुरूंचे वर्तणुकीचे प्रशस्तिपत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला जोडला जाई. जन्मनोंदणीची सरकारी पद्धत रुळण्यापूर्वी वयाचा पुरावा म्हणून हा दाखलाच उपयोगी पडे. चर्चच्या नोंदवहीत तात्काळ नोंदले गेलेले आपले पूर्वज या एका बाबतीत इतरांपेक्षा सुदैवी होते.

माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले जोसेफ बॅप्टिस्टा याच शाळेचे, सेंट मेरीजचे, विद्यार्थी. वडील मूळचे उत्तनचे. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते अभियांत्रिकी शिकले, मग केंब्रिजला जाऊन राज्यशास्त्राची पदवी घेतली आणि बॅरिस्टर झाले. एका आयुष्यात तीन विद्या! लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी झाले, १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता आणि १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. लोक त्यांना 'काका' म्हणत. इंग्रजांची जुनी प्रजा म्हणून मिळणाऱ्या कारकुनीवर ते समाधान मानते, तर ज्या राज्याकडे त्यांच्या समाजाने अर्ज केला होता त्याच राज्याकडे स्वराज्य मागण्यास ते उभे राहिले नसते.

वसईची कथा याहून निराळी. इथे शेत होते, पानवेल होती, केळी होत्या, विहिरीला पाणी होते. सामवेदी, वाडवळ हीच नावे घरात रुळलेली राहिली. 'ईस्ट इंडियन' हे नाव मुंबईकडे जितके रुजले तितके इथे रुजले नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, तेव्हा त्या गाडीने आधी आपली भाजी, फुले, पाने आणि दूध मुंबईस नेले. माणसे नोकरीसाठी मोठ्या संख्येने जाऊ लागली ती पुढे, विशेषतः १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आल्यानंतर. पहाटे वाडीला पाणी शिंपून कचेरीची गाडी धरणारी एक पिढीच वसईत होऊन गेली. हातचे शेत न सोडता त्यांनी नोकरी केली, म्हणून नोकरीपुढे त्यांची मान फारशी वाकली नाही, असे आमचे मत आहे. ज्यांनी पुढे वाडी विकून केवळ पगारावर भिस्त ठेवली, त्यांच्याविषयी तसे म्हणता येत नाही.

या पिढीची तयारी संध्याकाळच्या टंकलेखन वर्गात झाली. मॅट्रिक झालेला मुलगा, आणि पुढे मुलगीही, लाकडी टेबलावरच्या यंत्रासमोर बसून 'ए एस डी एफ जी' बडवू लागे. मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. ज्यांना साहेबाच्या खोलीपर्यंत जायचे असे ते पिटमनची लघुलिपी शिकत. गोदरेजने १९५५ साली देशी यंत्र बाजारात आणले. मुलींच्या दृष्टीने हा वर्ग म्हणजे फार मोठी क्रांती होती. शिक्षिका आणि परिचारिका या दोन वाटांना तिसरी वाट मिळाली आणि घरात आईच्या हाती पहिल्यांदा पगाराचे पाकीट आले.

मराठी माध्यमातून शिकलेल्या वसईच्या मुलांना मुंबईच्या कचेऱ्यांत इंग्रजीवरून खाली पाहावे लागे, हे खरे आहे. वांद्रे-माझगावकडचे नातलगही त्यांना 'गावची' म्हणत. परंतु १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला, शासनाचा कारभार मराठीतून होऊ लागला, आणि जे आजवर उणे होते तेच अधिक झाले. देवनागरी कळफलकावर बोटे चालविणारा, शुद्ध मराठीत टिप्पणी लिहिणारा उमेदवार शासनास हवा होता. ज्यांनी घरात मराठी टाकून दिली होती त्यांना ही दारे उघडी असूनही दूरची वाटली. १८८७ साली साहेबासाठी नाव घेतले, त्यानंतर हळूहळू भाषाही गेली. याचा हिशेब कोणी नोकरीच्या जमाखर्चात मांडीत नाही.

हातकामाची वाट समाजाने मनापासून धरली ती स्वातंत्र्यानंतर. १९५० पासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना आली, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन यांचे प्रमाणपत्र घेतलेली मुले कारखान्यांत गेली आणि १९७३ नंतर तेलाचे भाव चढले तेव्हा आखातात गेली. तिथे एजंटाने पाहिले ते प्रमाणपत्र आणि वेल्डिंगच्या चाचणीतला सांधा. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्यांच्यापाशी गिरणीतल्या एकाच खात्याचे काम होते ते बसून राहिले. ज्यांच्यापाशी मोटार बांधण्याची किंवा लेथ चालविण्याची विद्या होती त्यांनी दुसरे दार ठोठावले. वेतनवाढीसाठी वरिष्ठांच्या मर्जीवर विसंबलेल्यांचेही पुढे हेच झाले. बँकांत संगणक आला, तेव्हा चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थी होऊन बसलेले लोक टिकले, आणि ज्यांना तो अपमान वाटला त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

गोदरेजने २००९ साली टंकलेखन यंत्रे बनविणे थांबविले. शासनाची टंकलेखन परीक्षा मात्र संपली नाही. ती आता संगणकावर होते. इंग्रजीबरोबर मराठीचीही होते, आणि उत्तीर्ण होण्यासाठी मिनिटाला तीस व चाळीस शब्द हीच मोजणी अजून चालू आहे.